मागच्या खोलीची ऊब

१

हिवाळा लागला की काकूंचा दिवस बॉयलरपासून सुरू व्हायचा. जिन्याखालच्या अडगळीच्या कोनाड्यात तो बसवलेला होता. काकू खाली उतरायच्या, तापातल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी हाताची पालथी बाजू नळाला लावायच्या आणि मग चाक थोडं इकडे नाहीतर तिकडे फिरवायच्या. बॉयलरमधलं गरम पाणी नळांतून साऱ्या घरभर फिरायचं. वरच्या मजल्यावर काकूंकडे, खालच्या मजल्यावर भाडेकरूंकडे.

भाडेकरूंना गारठा वाटला तर जिना चढून यायची गरज नव्हती. चमचा घ्यायचा आणि नळावर दोनदा वाजवायचा. टण, टण. लोखंडातून आवाज सरळ वर यायचा, की काकू निघाल्याच खाली. ही पद्धत काकूंच्या यजमानांनी घालून दिलेली. ते गेले, पद्धत राहिली. "एकाच गोष्टीसाठी भाडेकरूला पुन्हा सांगावं लागलं, तर आपण घरमालक कसले," असं ते म्हणायचे.

भाड्याचं घर कोरडं आणि उबदार ठेवायची जबाबदारी मालकाची, असा कायदाच होता म्हणा. पण काकूंना कायदा सांगायला कुणी यावं लागत नव्हतं. दुसऱ्याचं लेकरू आपल्या छपराखाली कुडकुडतंय, ही कल्पनाच त्यांना सोसायची नाही. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं.

यंदा खाली नवीन जोडपं आलं होतं. ती दवाखान्यात नर्स, तो बसवर ड्रायव्हर. पदरात एक मुलगी, अजून धड बसताही न येणारी. खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण गुबगुबीत आणि ठेंगणी म्हणून सगळे तिला ठकूच म्हणायचे. ठकूचा पाळणा मागच्या लहान खोलीत होता, कारण घरातली सगळ्यांत उबदार खोली तीच.

त्या दिवशी सकाळची कामं उरकून काकू लोकर घेऊन बसल्या होत्या. ठकूसाठी टोपडं विणायचं चाललं होतं. तेवढ्यात नळ वाजला. टण, टण. काकूंनी सुया खाली ठेवल्या, जाऊन चाक फिरवलं आणि परत येऊन बसल्या. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. काकू पुन्हा गेल्या.

जेवायच्या वेळेला फाटक वाजलं. नर्स बाबागाडी ढकलत येत होती. गाडीत ठकू, अंगभर गुंडाळलेली, नाकाचा शेंडा लाल.

"अगं, एवढ्या थंडीत लेकीला घेऊन कुठे निघालीस?"

"निघाले कुठे काकू, परत येतेय मी. सकाळीच बाहेर पडलो आम्ही. हिला डॉक्टरांना दाखवायचं होतं. खोकला हटत नाहीये."

"आणि जावईबापू?"

"तो पहाटेच ड्यूटीवर गेला."

काकू फाटकाशीच उभ्या राहिल्या. मग त्यांनीच स्वतःची समजूत घातली. लोखंडच ते. तापलं की फुगतं, निवलं की आकसतं, आणि वाजतं. इतकी वर्षं या घरात काढली आणि हे आता नव्यानं कळावं?

फक्त, फुगणारं लोखंड बरोबर दोनदाच वाजून गप्प कसं बसतं, हे त्यांना काही सांगता आलं नसतं.

२

"काकू, रागावणार नसाल तर एक दाखवायचं होतं."

नर्सनं त्यांना मागच्या खोलीत नेलं. पाळण्याच्या मागच्या भिंतीवर ओल आली होती. ताटलीएवढा गोल डाग. काकूंनी बोट लावलं तर बोट ओलं झालं.

काकूंचा चेहरा पडला. "कधीपासून गं? आणि मला आज सांगतेस?"

"पुसलं की जातं हो. म्हटलं उगाच कशाला तुमच्या जिवाला घोर. पण डॉक्टर म्हणाले, हिची छाती नाजूक आहे. ओलीत झोपवू नका. भिंत तरी कोरडी करा, नाहीतर घर तरी बदला."

"घर बदलायचं नाव काढू नकोस. भिंत माझी आहे, मी बघते."

काकूंनी मग जिवाचं रान केलं. पन्हळीतला पाला काढून घेतला. घराभोवतीची पाण्याची चरी मोकळी करून घेतली. फरशीखाली ओल चढू नये म्हणून जाड प्लास्टिक अंथरलेलं होतं, तेही तपासून घेतलं. सगळं जागच्या जागी, कोरडं ठणठणीत. त्या भिंतीच्या पलीकडे ना न्हाणीघर होतं, ना मोरी. नुसतं मोकळं अंगण, आणि अंगणाच्या बाजूनं भिंतही कोरडी.

डाग मात्र रोज सकाळी तिथंच. पुसावा, तर दुपारी पुन्हा.

३

शेवटी काकूंनी गवंड्याला बोलावलं. यजमानांचा जुना दोस्त, त्यामुळे काकू त्याला भावजी म्हणायच्या आणि तो त्यांना वहिनी. जिभेला हाड नसलेला माणूस. घरात पाऊल टाकलं तेच बोलत.

"वहिनी, भिंत रडतेय म्हणे तुमची. तिला सासरी कुणी छळलं?"

"थट्टा पुरे भावजी. पोरीच्या छातीवर बेतलंय."

त्यानं भिंतीवर बोटांनी टकटक केलं, डागाचा वास घेतला, डोकं खाजवलं.

"हे बघा, ओल दोन ठिकाणांहून येते. एक भिंतीच्या पोटातून, म्हणजे जमिनीतलं नाहीतर पावसाचं पाणी. आणि दुसरी माणसांकडून. खोलीत माणसं श्वास घेतात, तो दमट श्वास गार भिंतीवर बसतो. आता यातली कोणती, ते भिंतीलाच विचारू."

विचारायची त्याची रीत साधी होती. जाड पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा त्यानं डागावर धरला आणि चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद केल्या. दोन-तीन दिवसांनी बघायचं. पाणी प्लास्टिकच्या वरच्या, म्हणजे खोलीकडच्या बाजूला धरलं तर ओल खोलीतली. आतल्या बाजूला धरलं तर ओल भिंतीतली.

"तोवर पाळणा पुढच्या खोलीत न्या. ही खोली बंद ठेवा. आणि ऊब कमी करू नका, वहिनी. भिंत वाळायला ऊब लागते. भरपूर द्या."

त्या दिवसापासून मागच्या खोलीत कुणी राहत नव्हतं. दार ओढून घेतलेलं. आत नळाला जोडलेला लोखंडी हीटर तापत राहिलेला. आणि नळ वाजत होता. टण, टण. कधी सकाळी, कधी दिवेलागणीला, नर्स आणि ठकू घरात असताना, नसताना. काकू एकदा नर्सला म्हणाल्या, "अगं, सारखं गार होतंय का तुमच्याकडे? चमचा वाजतो म्हणून विचारते."

"आम्ही कुठे वाजवतोय काकू? मला वाटलं तुम्हीच वर काहीतरी ठोकताय."

दोघी हसल्या.

आणि तरी नळ वाजला की काकू उठायच्याच. हाडीमाशी खिळलेली सवय ती. कुणीतरी गारठलंय म्हणतंय, आणि आपण बसून राहायचं? त्या खाली जायच्या आणि चाक आणखी थोडं फिरवायच्या.

४

गवंडी आला तो दुपारचा. लख्ख ऊन पडलं होतं. दार उघडल्याबरोबर आतून वाफारा आला, न्हाणीघरातून यावा तसा. त्याला एक वास होता. दुधाचा, तान्ह्या बाळाच्या मानेला येतो तसला. काकूंना वाटलं, पाळणा इथे होता म्हणून असेल.

प्लास्टिकची वरची बाजू कोरडी होती. आतल्या बाजूला धुकं धरलं होतं.

"म्हणजे भिंतीतलीच," गवंडी म्हणाला. "आता पोपडा काढून..."

तो थांबला. आतलं धुकं विरत होतं. कडेकडून आत येत येत लहान झालं आणि नाहीसं झालं. प्लास्टिक स्वच्छ. मग मधोमध एक ठिपका उमटला, फुलत फुलत रुपयाएवढा झाला, वाटीएवढा झाला. पुन्हा विरला. पुन्हा उमटला.

थंडीच्या दिवसांत बसच्या काचेला नाक लावून बसलं की काच जशी धूसर होते, तसं. फक्त इथे काचेच्या पलीकडे वीतभर विटा होत्या.

"भिंतीला कान असतात असं ऐकून होतो, वहिनी," गवंडी हळूच म्हणाला. "हिला तर नाक..."

विनोद त्यानं अर्ध्यावरच टाकला. त्यानं तळवा शेजारच्या गिलाव्यावर टेकवला आणि चटका बसावा तसा काढून घेतला.

"गरम आहे का?" काकूंनी विचारलं.

"गरम नाही. कोमट आहे." तो तळव्याकडे बघत राहिला. "या भिंतीतून नळ गेलाय का?"

"नाही. नळ समोरच्या भिंतीत आहे."

"हवेचा दाब असेल," तो म्हणाला. "विटांत पोकळी राहिली असली की होतं असं कधी कधी. उद्या येऊन बघतो नीट."

तो उद्या काही आला नाही. परवाही नाही. त्याची थापी खिडकीत तशीच राहिली. काकूंनी निरोप धाडला, तर उलट निरोप आला की थापी तुमच्याकडेच असू द्या.

५

काकूंनी मग मनाशी ठरवलं. काही म्हणा, हा सगळा उबेचा खेळ आहे. जेवढी ऊब देतोय तेवढी ती ओल माजतेय. तोडायचं मूळच. बॉयलरपाशी प्रत्येक खोलीच्या नळाला वेगळा कॉक होता. त्यांनी मागच्या खोलीचा कॉक बंद केला.

त्या दिवशी नळ सारखा वाजत होता. टण, टण. थोडं थांबून टण, टण. काकूंनी रेडिओ मोठा केला. मग कानावर पदर घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या नळ वाजूनही जागच्या उठल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर जिना चढून आला. शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला मुलगा. दारातच उभा राहिला.

"काकू, ओल आता पुढच्या खोलीत आलीये."

काकू खाली गेल्या. डाग तसाच गोल होता. पण भिंतीवर खाली, गुडघ्याच्या उंचीवर. पाळण्याच्या कठड्याच्या अगदी समोर. पाळण्यात ठकू कुशीवर झोपली होती, भिंतीकडे तोंड करून. तिचं तोंड आणि तो डाग, दोन्ही समोरासमोर.

काकूंनी वाकून तिला उचललं. "चला वर. तिघंही. आत्ताच्या आत्ता. अंथरूण-पांघरूण मागनं आणता येईल."

"काकू, तुमची अडचण होईल," नर्स म्हणाली.

"माझी कसली अडचण? एकटा जीव सदाशिव. वर सगळं कोरडं आहे. तुम्हाला कोरडं घर द्यायचं कबूल केलंय मी. खालचं नाही तर वरचं."

"पण आमच्या याचं घोरणं ऐकलं नाहीये अजून तुम्ही," नर्स म्हणाली, आणि ड्रायव्हर कानापर्यंत लाल झाला. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणीतरी मनापासून हसलं.

६

वर आल्यावर ठकूचा खोकला थांबला. अगदी थांबला. काकूंनी देवाचे आभार मानले. खाली नळही गप्प झाला होता.

दुपारी नर्स जरा आडवी झाली होती आणि ड्रायव्हर कामावर गेला होता. ठकूची दुपटी खालीच राहिली होती म्हणून काकू आणायला गेल्या. पुढच्या खोलीतून दुपटी उचलली, आणि परत फिरणार तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला.

खोकला. लहानसा, कोरडा, शेवटी बारीक शीळ वाजणारा. गेले कित्येक दिवस काकू जो ऐकत आल्या होत्या, तोच.

ठकू वर आहे, त्यांनी स्वतःला बजावलं. मी स्वतः तिला पाळण्यात ठेवून आलेय. आवाज नळातून खाली येत असेल. नळातून आवाज येतोच की.

पण पाय पुढे गेले. लेकरू खोकतंय म्हटल्यावर काकूंचे पाय मागे वळणं शक्यच नव्हतं.

खोलीत गारठा भरला होता. इतका, की काकूंच्या तोंडातून वाफ निघाली. पडद्यातून उन्हाची तिरीप भिंतीवर पडली होती. गवंड्यानं लावलेलं प्लास्टिक आत ओढलं जात होतं, भिंतीला चिकटत होतं, मग सैल होत होतं. भरभर. तान्ह्या बाळाचं पोट हलतं तसं. मधला धुक्याचा ठिपका आता अगदी लहान झाला होता, उमटेपर्यंत विरत होता.

आणि त्या ठिपक्याशेजारी, आतल्या बाजूनं, काहीतरी टेकलं होतं. काचेला गाल लावला की तो जसा चपटा आणि पांढरा दिसतो, तसं. गुबगुबीत गालाचा तेवढा एक तुकडा.

खोकला पुन्हा आला, आणि प्लास्टिक थरथरलं.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांच्या मनात पहिल्यांदा जे आलं त्याची पुढे त्यांना स्वतःलाच भीती वाटत राहिली. त्यांच्या मनात आलं, अगंबाई, गारठलंय की गं हे.

वरून नर्सची हाक आली. हाक कसली, किंचाळीच ती.

"काकू, लवकर या. ठकू गार पडलीय."

काकू धावल्या. वरची खोली उबदार होती, हीटरला हात लावता येत नव्हता. ठकू आईच्या मांडीवर, डोळे उघडे, ओठ निळसर. काकूंनी हाताची पालथी बाजू तिच्या कपाळाला लावली. विहिरीतल्या दगडाला हात लावावा तसं. नर्स तिचे तळपाय चोळत होती, नर्सच ती, हात सरावाचे.

"घासतेय, गुंडाळतेय, काही होत नाहीये. ती खोकतसुद्धा नाहीये हो."

काकू मागे वळल्या, जिना उतरल्या आणि मागच्या खोलीचा कॉक पूर्ण उघडला. चाक जाईल तेवढं फिरवलं. नळातून पाणी धावल्याचा आवाज आला. भिंतीला टेकून त्या तिथंच बसून राहिल्या.

बऱ्याच वेळानं वरून ठकूचा खोकला ऐकू आला. आणि पाठोपाठ तिचं रडणं, चांगलं दणदणीत, रागावलेलं.

नर्सही जिन्याच्या तोंडाशी येऊन रडत होती. "गरम झाली, काकू. गरम झाली हो."

७

योगायोग. काकू हा शब्द दिवसातून कितीदा तरी स्वतःशी म्हणायच्या. डॉक्टरही तसंच काहीसं म्हणाले. तान्ही पोरं अशी गार पडतात कधी कधी, जपा. जागा बदलता आली तर बघा.

त्या जोडप्यानं जागा बदलली. गावाच्या दुसऱ्या टोकाला, नव्या इमारतीत, ऊन येणारी. जाताना नर्स काकूंच्या पाया पडली.

"काकू, तुमचं काही चुकलं नाही. उलट तुमच्यासारखी मालकीण कुठे मिळणार? तिथे कुणी चमच्याला ओ देणार नाही."

"पोहोचलात की फोन कर. आणि नंतरही करत जा," काकू म्हणाल्या. ठकूच्या डोक्यावर त्यांनी विणलेलं टोपडं होतं. तिनं काकूंचं बोट मुठीत धरलं होतं, ते सोडवताना त्यांना जड गेलं.

फोन यायचा. ठकू बरी आहे. ठकू बसायला लागली. ठकूला दात आला. खोकला तेवढा अधूनमधून असतो.

हिवाळा सरला. झाडांना पालवी फुटली, लोकांनी गरम कपडे पेटीत टाकले. काकूंचा बॉयलर चालूच होता. वरखालच्या सगळ्या खोल्यांचे कॉक त्यांनी बंद केले होते. एकच उघडा होता. ऊन वाढलं तरी त्यांच्या धुराड्यातून धूर निघायचा, आणि शेजारीण कुंपणावरून म्हणायची, "काय हो, अंडी उबवायला ठेवलीत की काय?" काकू हसायच्या. काय सांगणार? खालचा मजला त्यांनी पुन्हा भाड्यानं दिला नाही. कुणी विचारायला आलं तर म्हणायच्या, "जागा रिकामी नाही."

त्या मागच्या खोलीत जात नसत. पण नळ वाजला की उठत. टण, टण. हाताची पालथी बाजू लावायची, चाक थोडं फिरवायचं. मग सारं शांत. कधीकधी त्यांना वाटे, एकदा बंद करून बघावं. म्हणजे योगायोग होता हे तरी सिद्ध होईल. हात चाकापर्यंत जायचा आणि तिथंच राहायचा. सिद्ध कुणावर करून बघायचं?

आणि मग ती सकाळ आली. काकू नेहमीसारख्या खाली उतरल्या, हात लावला, आणि नळ गार होता.

त्यांनी खाली बसून बॉयलरच्या झरोक्यातून बघितलं. ज्योत विझली होती. कधी विझली कोण जाणे. त्यांनी पेटवायचा प्रयत्न केला. काडी लावली, चाप दाबला. ज्योत भुर्रकन उठली आणि बसली. पुन्हा काडी. पुन्हा तेच. काड्या जमिनीवर सांडल्या.

भिंतीपलीकडून नळ वाजला. टण, टण.

"हो, हो, आले. लावतेय," काकू म्हणाल्या. मोठ्यानं, जसं खऱ्या कुणाला म्हणावं तसं. "पुन्हा नाही सांगावं लागणार. लावतेय मी."

आणखी एक काडी. ज्योत उठली, निळी, बारीक, आणि विझली.

टण.

या वेळी एकदाच. आणि तेही हळू, हातात जोर नसावा तसं.

काकू कान लावून बसून राहिल्या. नळ पुन्हा वाजला नाही. घर इतकं शांत झालं की त्यांना आपलाच श्वास ऐकू येऊ लागला, आणि त्यांच्या तोंडासमोर, भर उन्हाळ्यात, त्या श्वासाची वाफ होत होती.

वरच्या मजल्यावर फोन वाजायला लागला.